अर्धी टोपली

लवू परबांनी पानात बांधलेला पुडा ओट्यावर ठेवला तेव्हा त्यांची मुलगी मालन गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवून उभी होती. रविवार, सकाळचे पावणेआठ. पुड्याला सागाची तीन मोठी पानं होती, वरून केळीच्या सोपाची गाठ, आणि पानांच्या फटीतून ओल्या वारुळाचा वास येत होता. आत काय आहे हे कळायला तिला गाठ सोडावी लागली नाही. दूध वर आलं, कडेवरून उतरलं, बर्नर चरचरून विझला. तिनं बटण फिरवलं, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. पुड्याच्या भोवतीनं पुसला, पुडा उचलला नाही.

"रोवणाची आसत," लवू म्हणाले, म्हणजे वारुळावरची अळंबी. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, हातातली छत्री न उघडलेली, अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटलेला. सत्तरी उलटलेला माणूस पहाटे उठून मुलुंडच्या डोंगरात गेला होता आणि घरातल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. घरात कुणाला म्हणजे मालनलाच, दुसरं होतं कोण? "डोंगराच्या अंगाक एक वारूळ आसा, थंय मेळली. मुंबयत रोवण मेळता म्हणून कोणाक सांगलां तर खरां वाटूचां नाय." ते मोरीकडे वळले, बादलीत नळ सोडला आणि पाठमोरेच म्हणाले, "आणि गो, लसूण घालूक इसरू नको."

एवढंच. लवू परबांना बोलायचा कंटाळा होता आणि तो त्यांनी आयुष्यभर नेटानं जपला होता. त्यामुळे त्यांच्या तोंडून निघालेलं वाक्य घरात बराच वेळ रेंगाळत राहायचं. हे वाक्य तर एकतीस वर्षं रेंगाळलेलंच होतं, फक्त आज ते पहिल्यांदा मालनला उद्देशून आलं होतं. छप्पन्न सालापासून परबांच्या घरात अळंबी आली नव्हती. गावच्या घरात नाही, लवूंच्या लालबागच्या खोलीत नाही, मुलुंडच्या या दीड खोलीत नाही. श्रावणात शेजारची रत्नप्रभा गावाहून आलेल्या अळंब्यांचं सांबारं वाटीत घालून आणायची, तेव्हा आई दारातूनच वाटी परत करायची. "आमच्याकडे चालत नाहीत," म्हणायची. रत्नप्रभाला वाटायचं की काहीतरी देवाचं असेल. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, तेव्हा आता वाटी परत करणारं कुणी राहिलं नव्हतं. बाबांनी तेवढ्यासाठीच वाट पाहिली असेल का, असं मालनच्या मनात आलं. आपण हे किती शांतपणे मनात आणतो आहोत, याचं तिला जरा नवल वाटलं.

तिनं गाठ सोडली. वरची आठ-नऊ अळंबी पाहताच तिचे हात ओळखीनं पुढे झाले. करड्या पांढऱ्या छत्र्या, मधोमध टोचेल असं टोक, आणि खाली वीतभर लांब मूळ, वारुळाच्या पोटापर्यंत गेलेलं. बाबांनी एकही मूळ तोडलं नव्हतं. अशी काढायला माती हळूहळू मोकळी करावी लागते, ओढून चालत नाही. ती तिनं एकेक करून परातीत ठेवली. मग खालचं पान दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. खाली आणखी पाच छत्र्या होत्या, वरच्यांपेक्षा मोठ्या, गुबगुबीत, माथ्यावर तपकिरी खवले. देठ मुळाशी जाड आणि वर देठाभोवती सैल कडं. मालननं त्यातली एक उलटी केली. पोटाखालच्या पात्या पांढऱ्याशुभ्र होत्या. अजून पांढऱ्या होत्या.

"बाबा, ही खालची कुठली?"

"कसली खालची?"

"ही मोठी."

लवू टॉवेलनं पाय पुसत ओट्याशी आले. जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, डावा डोळा अजून पिकायचा होता. ते उजवा डोळा पुढे करून पाहायचे, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर त्यांचा संशय आहे असं वाटायचं. "थंय आठ-नवच होती," ते म्हणाले. "मगे खाली बंगल्यांच्या हिरवळीर दिसली, ती घेतलंय. अर्दो पुडो घराक कसो हाडूचो?" आणि जरा ओशाळून, "वयली बरी दिसली म्हंजे झालां. सगळी सारकीच तर आसत."

मालनच्या हातातली छत्री हातातच राहिली. बाबांना हे वाक्य कुठून मिळालं, असा वेडगळ प्रश्न तिला पडला. कारण वरची बरी दिसली म्हणजे झालं, हे वाक्य तिचं होतं. ते तिनं कधी कुणापाशी उच्चारलं नव्हतं, पण एकतीस वर्षं ती ते बाळगून होती, जवळजवळ याच शब्दांत.

"थोडं थांबू या," ती म्हणाली. "बारापर्यंत. मग करते."

"बारापर्यंत कित्याक?"

"मला बघायचंय."

ती बघण्याचाच पगार घेत होती. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका औषधाच्या कंपनीत, बुरशीच्या खोलीत, मालन परब एकोणीस वर्षं काम करत होती. तिच्या ताब्यात काचेच्या तिरक्या नळ्या होत्या आणि त्या नळ्यांत एक हिरवट निळी बुरशी होती, जिच्यापासून पुढे मोठ्या टाक्यांत औषध तयार होई. दर काही आठवड्यांनी जुन्या नळीतली चिमूट नव्या नळीत न्यायची. दोन्ही हात दिव्याच्या जाळापाशी, तारेचं कडं लाल होईपर्यंत तापवायचं, निववायचं, श्वास जपून घ्यायचा. पावसाळ्यात या खोलीची परीक्षा असे. भिंतीतून, चपलांतून, साहेबांच्या चामडी पट्ट्यातून नको ती बुरशी आत यायची आणि एखाद्या नळीत पाहुणी म्हणून बसायची. चार दिवस दोन्ही एकसारख्या दिसायच्या. मग पाहुणीला रंग चढे. मालनची नजर मात्र पहिल्याच दिवशी त्या नळीवर थांबायची आणि ती नळी ती बाजूला काढायची. कशी ओळखलीस, असं नव्या मुली विचारत. तिला सांगता यायचं नाही. ज्याच्या हातून एकदा मिसळ झाली त्याला मिसळ आधी दिसते, हे उत्तर नोकरीच्या जागी द्यायचं नसतं.

तिनं कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं, आता ते नको होतंच, आणि त्याची कोरी बाजू जेवणाच्या टेबलावर पसरली. अर्ध्या भागावर कार्बन पेपर ठेवला, कारण फिकट रंग काळ्यावर दिसतो आणि गडद पांढऱ्यावर. वरच्या अळंब्यांतलं एक आणि खालच्यांतलं एक, दोघांचे देठ छाटून छत्र्या पालथ्या ठेवल्या, अर्ध्या पांढऱ्यावर, अर्ध्या काळ्यावर, आणि दोन्हींवर एकेक स्टीलचा वाडगा झाकला. अळंबी काही बोलत नाहीत, पण त्यांना असं निवांत झाकून ठेवलं तर तीन-चार तासांत आपली पूड खाली सोडतात, आणि त्या पुडीचा रंग खोटा नसतो. लवू खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होते. सणाच्या दिवशी कुणी वेगळाच नैवेद्य मांडावा आणि आपल्याला विचारू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुमच्या कंपनीत असांच करतत?"

"नाही. कंपनीत भिंग आहे."

त्यांनी मान हलवली आणि परडीतला लसूण काढून सोलायला घेतला.

गावात रोवणाची जागा गुपित म्हणून घरातल्या घरात ठेवत. कुडाळच्या अलीकडे त्यांचं घर, मागे काजूच्या झाडांचा चढ, चढाच्या वर दोन वारुळं. श्रावणातल्या एका ठरावीक सुमाराला, जोराचा गडगडाट होऊन गेला की दुसऱ्या पहाटे तिथे अळंबी उगवायची, आणि दिवस वर येईपर्यंत ती काढावी लागत. वाटेत कुणी भेटलं तर कुठे निघालीस हे सांगायचं नाही. आई दर वर्षी स्वतः जायची. त्या वर्षी तिचा पाय मुरगळला होता, म्हणून मालनला पाठवलं. मालन नऊ वर्षांची होती. टोपली घेऊन ती चढावर गेली तेव्हा कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं, माती उकरलेली होती, मुळं मोडून पडली होती. तिला मिळाली ती अर्धी टोपली. त्याच्या आदल्या वर्षी आईनं भरलेली टोपली अंगणात ठेवली होती तेव्हा आजूबाजूच्या बायका पाहायला जमल्या होत्या, हे मालनच्या डोळ्यांपुढे होतं. अर्धी टोपली घेऊन घरात शिरायची तिला लाज वाटली. परतताना गोठ्यामागच्या गवतात मोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या, सहा की सात. त्या तिनं उपटल्या. सहज निघाल्या, मुळं नव्हतीच.

इथपर्यंतचं मालन स्वतःला माफ करू शकत होती. नऊ वर्षांची पोर, टोपली भरावीशी वाटली, भरली. पण तिनं आधीची अळंबी बाहेर काढली, गोठ्यामागची तळाशी घातली आणि रोवणाची वर रचली. खाली घातली, वर नाही. या एका गोष्टीपाशी येऊन ती दर वेळी थांबायची. वर घातली असती तर आईनं पाहिली असती. खाली घातली म्हणजे काहीतरी तिला ठाऊक होतं. काय ठाऊक होतं? विष ठाऊक नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की ही ती नव्हेत. आईनं दुखऱ्या पायानं चुलीशी बसून घाईघाईत सगळी एकत्र चिरली. दुपारी तिघं जेवली. संध्याकाळपर्यंत तिघांनाही उलट्या झाल्या. आई आणि मालन तिसऱ्या दिवशी उठून बसल्या. तिचा पाच वर्षांचा भाऊ जयवंत दुसऱ्याच दिवशी गेला होता. पाणी मागत गेला, आणि पाणी पोटात ठरत नव्हतं.

लवू मुंबईत होते, त्यांच्या गिरणीत तार गेली. लवू गाडीनं कोल्हापूर आणि तिथून एसटीनं, असे पाचव्या दिवशी पोचले. ते रडले की नाही हे मालनला आठवत नव्हतं, तिला आठवत होतं ते एवढंच की छत्री न मिटता ते पडवीत उभे राहिले आणि आईला विचारलं, "लसूण घातललंस?" अळंब्यांच्या टोपात लसणाची सोललेली पाकळी टाकायची, काळी पडली तर टोप ओतून द्यायचा, ही रीत घराघरात होती. चांदीचं नाणं असलेल्यांनी नाणं टाकायचं. आईनं मान वर केली आणि म्हणाली, "इसारलंय." त्यानंतर त्यांच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. मालन दाराआड उभी होती. आत्ता बोलायचं, असं तिला वाटलं होतं. मग उद्या बोलू, असं वाटलं. मग चौदाव्याला लवू मुंबईला परतले.

बोलायची दुसरी संधी एकोणसत्तर साली आली, आणि ती पहिलीहून सोपी होती. कंपनीत लागून तिला वर्ष झालं होतं. नंदकुमार नावाचे एक केमिस्ट तिच्या विभागात होते, हसतमुख, डबा खाताना शिकवणारे. त्यांना तिनं अगदी उगाच विचारल्यासारखं विचारलं, की विषारी अळंब्यांत लसूण काळा पडतो तो कशामुळे. नंदकुमार इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लसूण? लसूण टाक, नाणं टाक, हवं तर मंगळसूत्र टाक! काही होत नाही गं. विषाचा आणि लसणाचा काही संबंध नाही. चांगल्या अळंब्यांत पण कधी काळा पडेल, वाईटात पांढरा राहील. या लसणापायी किती लोक गेले असतील देव जाणे." मालन पण हसली. त्या संध्याकाळी घरी येऊन आईला पत्र लिहायला तिनं कागद घेतला. आई, तू लसूण विसरलीस म्हणून काही झालं नाही, घातला असतास तरी तेच झालं असतं. दोन ओळींचं पत्र. ते लिहिलं असतं तर आई मोकळी झाली असती. पण लसूण सुटला की मग पुढचा प्रश्न टोपलीचा होता, टोपली कुणी भरली. मालननं कागदावर इकडची खुशाली लिहिली आणि पाकीट चिकटवलं. हे दुसऱ्या वेळचं तिला माफ करता येत नव्हतं, तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

लवूंनी आईच्या, सुगंधाच्या, हातचं खाणं सोडलं, हे जगाला कळलं नाही, कारण गिरणीतली माणसं खानावळीतच जेवत. सुट्टीत गावी गेले की ते भावाच्या चुलीवर जेवायचे, माणसांत जेवतो म्हणायचे. मालनला मुलुंडची जागा झाली आणि तिनं आईला आणलं, तरी ते लालबागलाच राहिले. मग ब्याऐंशीचा संप झाला, खोलीतली माणसं गावाकडे पांगली आणि लवू एक ट्रंक आणि एक वातीचा स्टोव्ह घेऊन मुलुंडला आले. स्टोव्ह त्यांनी गॅलरीत मांडला. भात आणि सुकटीची चटणी ते आपली आपण करत. आई रोज त्यांचं ताट घ्यायची. रोज ते म्हणायचे, "माजां झालां." आई ताट उचलून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची. तीन वर्षं, रोज. शेजारी म्हणत, गिरणीवाल्यांना आपल्या हाताची सवय असते. मालन दोघांच्या मधे बसून जेवायची आणि भात चांगला चावून खायची. आई तापानं गेली तेव्हा हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिला भ्रम झाला होता. ती सारखी काहीतरी सोलत होती, चिमटीत धरून, रिकाम्या बोटांनी.

"झालां काय गो?" लवूंनी विचारलं. साडेअकरा वाजले होते. त्यांच्यासमोर सोललेल्या पाकळ्यांचा ढीग होता, वीसेक तरी असतील. एका टोपाला पुरतील त्याच्या चौपट. डोंगरावरून खाली आले तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, हे मालनला आता ढीग पाहून दिसलं. त्यांना हे जेवण नीट पार पडलेलं पाहायचं होतं. एकदा सगळं रीतीनं करून, लसूण घालून, तिच्यासोबत बसून खायचं होतं. म्हणजे मग सिद्ध झालं असतं, की रीत पाळली असती तर पोर वाचलं असतं. आणि या सिद्धतेसाठी ते टोपात तेच घालायला निघाले होते, जे तेव्हा टोपात होतं.

तिनं पहिला वाडगा उचलला, छत्री बाजूला केली. कार्बनवर फिकट गुलाबीसर चक्र उमटलं होतं, रेघा बारीक, सरळ. तिनं दुसरा वाडगा उचलला. पांढऱ्या कागदावर अर्धं चक्र होतं आणि ते हिरवं होतं, शेवाळलेल्या भिंतीसारखं, पात्या पांढऱ्या असूनही. तिला माहीत होतं तसंच. तरी तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले.

"इकडे या, बाबा. हे वरचं. हे खालचं."

लवूंनी उजवा डोळा कागदाजवळ नेला. "हिरवां," ते म्हणाले.

"हे विषारी. आपण दोघंही हॉस्पिटलात गेलो असतो. या वयात तुम्ही परत आलाच असता असं नाही."

ते कागदाकडे पाहत राहिले. "पण लसूण घातली आसती..."

"लसणानं काही कळत नाही. कधीच कळत नाही, बाबा. ते खोटं आहे."

बाहेर गॅलरीत वळचणीचं पाणी स्टोव्हच्या पत्र्यावर टपटपत होतं. लवूंनी एक पाकळी उचलली, बोटांत फिरवली, ढिगात परत ठेवली. "मगे तिना घातली आसती तरी..."

"तरी तेच झालं असतं."

"ह्यां तुका कधी कळलां?"

"अठरा वर्षं झाली."

"आणि बोलूक नाय."

"नाही."

"कित्याक?"

मालननं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. एकतीस वर्षं तिनं हे वाक्य नाना तऱ्हांनी रचलं होतं, कधी त्यात आधी गडगडाट यायचा, कधी उकरलेली माती, कधी आईचा पाय. आता त्यातलं काही लागलं नाही. "टोपली मी भरली होती," ती म्हणाली. "रोवणाची अर्धीच मिळाली होती. गोठ्यामागची घेतली आणि खाली घातली. वरची बरी दिसावी म्हणून. आईनं पाहिली नाहीत. मी कुणाला सांगितलं नाही."

मालन वाट पाहत होती. मारतील असं तिला वाटलं नाही, ते कधीच मारत नसत. पण उठून जातील, ट्रंक घेऊन जातील, असं वाटलं. किंवा जवळ घेतील, तेही तिनं पूर्वी कधीतरी कल्पिलं होतं. त्यांनी विचारलं, "केदी होतंस तू तेव्हा?"

"नऊ वर्षांची."

त्यांनी हात लांब करून जमिनीपासूनची उंची दाखवली, टेबलाच्या वर. मग त्यांना ते पटलं नसावं. हात थोडा खाली आणला, आणखी थोडा खाली आणला, आणि तिथे धरून तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची मालन त्यांनी फारशी पाहिलीच नव्हती. मालननं मान हलवली. एवढीच.

"म्हंजे तिची चूक नाय होती," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मी तिका..." त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला, डोळे भरले आणि ऑपरेशनच्या डोळ्यातून आधी पाणी आलं. मालनला कळलं की ते तिच्याबद्दल काही म्हणणारच नाहीत. तिला शिक्षा नव्हती, क्षमाही नव्हती. जयवंतही आत्ता त्यांच्यासमोर नव्हता. त्यांच्यासमोर तीन वर्षांची रोजची ताटं होती, आणि त्यांत तिला मधे जागा नव्हती. तिला रडू आलं ते यामुळे की, कुणी आपल्याला काही म्हणालं नाही, तर आता हे कुठे ठेवायचं ते तिला समजेना.

तिनं उठून हिरवा कागद, पाचही मोठ्या छत्र्या आणि सागाची पानं वर्तमानपत्रात गुंडाळली. रोवणाची अळंबी परातीत होती, ती चांगली होती, पण आज ती कुणीच खाणार नव्हतं. तिनं तीही गुंडाळली. वाडगे दोनदा साबणानं घासले. कुकर लावायला घेतला तेव्हा तिच्यामागे लवू उभे होते.

"तिच्या हातचां घरात काय आसा?"

मालनला आधी कळलंच नाही. मग तिनं स्टूल घेतलं आणि माळ्यावरची बरणी उतरवली. आदल्या वर्षी मे महिन्यात, जायच्या पंधरा दिवस आधी, आईनं कैरीचं लोणचं घातलं होतं. मालननं ते उघडलं नव्हतं. दादरा सोडला तर कापडाच्या कडेला आणि बरणीच्या काठाला पांढरी बुरशी आलेली, कापसासारखी, पावसाळ्यात येते तशी. कंपनीत तिनं बरणी तशीच्या तशी भट्टीत पाठवली असती. ती खिडकीपाशी गेली आणि उजेडात नीट पाहिलं. आत बोटभर तेल उभं होतं, लाल, स्वच्छ, आणि तेलाखाली फोडी बुडालेल्या होत्या. काठाच्या खाली काही उतरलं नव्हतं. तिनं दादरा फेकला, काठ गरम पाण्याच्या फडक्यानं तीनदा पुसला, कोरडा केला, आणि कोरड्या चमच्यानं मधली फोड काढून आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली. मग ताट घेतलं. बाबांचं ताट, आई मांडायची ते.

लवू जमिनीवर बसले, पाटावर. भातावर त्यांनी लोणच्याचा खार ओतून घेतला, कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. मालन समोर उभी होती. ते सावकाश चावत राहिले, डोळे पुसायला हात रिकामा नव्हता म्हणून खांद्याला पुसले.

"मीठ वाईच जास्त," ते म्हणाले. दुसरा घास घेतला. "पयल्यापासून तसांच तिचां."

त्यांनी ताट पुढे केलं, आणि तिनं वाढलं.